दोनदा भरलेली छाती

मी मन्नाएखेळ्ळीत बायकांचे ब्लाऊज शिवते. हमरस्त्याला लागून आमचं घर आहे, पुढच्या खोलीत मशीन. वीस वर्षं झाली, या भागातल्या निम्म्या बायकांच्या छातीचं माप मला तोंडपाठ आहे.

कॅन्सरमधून उठलेल्या बायका लिहितात ते मी वाचलं आहे. शेवटी सगळ्या जणी देवाचे, डॉक्टरचे आणि नवऱ्याचे आभार मानतात. मला तसं जमणार नाही. माझी गाठ गेली, मी जगले, त्यावर बोलायला माझ्याकडे नवीन काही नाही. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. कापलेली छाती चरबीनं भरून घ्यायला मी दोनदा हैदराबादला गेले, ते मला कितीला पडलं, ते. कुणी बाई त्याच दारात उभी असेल तर तिनं हे वाचावं आणि मग काय करायचं ते करावं. मी जा म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही.

मोसंबी

गाठ मला टेपनं सापडली. नणंदेच्या लग्नासाठी स्वतःचा ब्लाऊज बेतत होते. डावीकडून टेप ओढला तर खाली काहीतरी कडक लागलं, हरभऱ्याएवढं. दुखत नव्हतं म्हणून लग्न होऊ दिलं. लग्नसराईत शिलाई टाकून दवाखान्यात कोण जातं? तीन महिने गेले आणि हरभऱ्याची सुपारी झाली. या तीन महिन्यांबद्दल मला कुणी बोललं नाही, पण मीच मला रोज बोलते.

बिदरच्या डॉक्टरांनी हैदराबादला धाडलं. तिथं तुकडा तपासून आला त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला आत बोलावलं आणि मला बाकावर बसवलं. गाठ माझी, बातमी त्याची. हणमंतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, रस्त्यावर पंक्चरचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण तोंडातून शब्द काढायला त्याला जॅक लावावा लागतो.

बाहेर आला तो म्हणाला, "काय न्हाई. साधी गाठ हाय. काढून टाकायलेत."

आणि दवाखान्याच्या फाटकापाशी गाड्यावरनं त्यानं दोन किलो मोसंबी घेतली. भाव न करता. पंधरा वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्यासाठी कधी फळ घेतलं नव्हतं. मोसंबीची पिशवी हातात आली आणि मला कळलं.

"किती दिस हायेत म्हणले?" मी विचारलं.

त्यानं उरलेले सुटे पैसे खिशात टाकले. "जगतीस म्हणलेत," एवढंच म्हणाला, आणि मग रडला. मला रडायला जागाच उरली नाही. एका फाटकात दोघांनी रडून कसं चालेल?

लाईट

गाठ आणि तिच्या भोवतीचं मांस काढलं. सगळी छाती काढली नाही, याबद्दल सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सलाईनमधून औषधं झाली, केस गेले, परत आले. मग पाच आठवडे लाईट. रेडिएशनचा शेक देण्याला तिथं सगळे लाईटच म्हणायचे. छातीवर निळ्या पेनानं खुणा करायच्या, आणि त्या पुसायच्या नाहीत म्हणून तिथं पाणी लावायचं नाही. कापडावर मी खडूनं करते तशाच खुणा. मी तिथल्या बाईला म्हटलं, तुझी रेघ वाकडी आहे. ती हसली. तिथल्या पाच आठवड्यांत माझ्या बोलण्यानं कुणी हसलं ते तेवढंच.

दवाखान्याची एक चांगली गोष्ट सांगते, नाहीतर म्हणाल हिला सगळंच कडू. एक सिस्टर होती, केरळची. सगळ्यांना मागून उघडा झगा द्यायचे आणि तसंच वऱ्हांड्यात रांगेत बसवायचे. तिनं मला दोन झगे दिले, एक पुढून, एक मागून. कुणी सांगितलं नव्हतं तिला. नाव विचारायचं राहून गेलं.

त्याच रांगेत पद्माक्का भेटली. हैदराबादचीच, मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवर. तिनं सांगितलं की आता मांडीची, पोटाची चरबी सुईनं काढतात आणि छातीत भरतात. दुसरं काही परकं घालत नाहीत, आपलंच आपल्याला. मला ते शिवणकामासारखं वाटलं. घेरातलं कापड काढून बाहीला जोड द्यायचा. आम्ही रोजच करतो की.

चिंधी

घरी आले तेव्हा डाव्या बाजूला खड्डा होता. मोजला. मधल्या हाडापासून काखेपर्यंत उजवीकडून नऊ इंच, डावीकडून पावणेआठ. लोकांना दिसू नये म्हणून मी ब्लाऊजला आतून खिसा शिवला आणि त्यात अस्तराच्या चिंध्या भरल्या. दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या. मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.

मग एकदा हळीखेडची एक बाई माप द्यायला आली. तिच्या पाठीमागून टेप घेताना मी हात वर केला, आणि चिंध्यांचा गोळा ब्लाऊजमधून सरकून खाली पडला. तिच्या पायावर. तिनं तो उचलला, उलटा-सुलटा बघितला आणि विचारलं, "अक्का, ह्ये काय वं?"

मी म्हटलं, "माझी छाती हाय. इकडं दे."

ती बाई परत आली नाही. तिच्या गल्लीतल्या चार जणीही आल्या नाहीत. कॅन्सरवालीच्या हातचं कापड अंगाला लावू नये, अशी कुजबूज कानावर आली. त्यात हैदराबादचे तयार ब्लाऊज स्टँडवर हँगरला लटकायला लागले होते. गिऱ्हाईक जायला निमित्तच हवं होतं.

आणि घरात? हणमंत माझ्या डाव्या अंगाला बसायचा बंद झाला. जेवताना, मोटारसायकलवरनं उतरताना, एसटीत, कायम उजवीकडं. त्याला स्वतःला ते ठाऊक नसावं. मला ठाऊक होतं, आणि मला त्याचा राग यायचा, आणि रागाची लाज वाटायची.

म्हणून मी ठरवलं.

पहिल्यांदा

"कुणाला दाखवायचंय तुला आता? चाळिशी आली," हणमंत म्हणाला.

"मला बघायचंय," मी म्हटलं.

पैसे माझे होते. स्टँडजवळ दुकानाचा गाळा घ्यायचा म्हणून मी दहा वर्षं एकेक ब्लाऊज शिवून साठवलेले. गाळ्याच्या मालकाशी बोलणी झाली होती, पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरलं होतं. त्यातले पंचावन्न हजार पहिल्या खेपेला गेले. तपासण्या, येणं-जाणं, लॉजवर राहणं वेगळं.

चरबी भरणारा हैदराबादचा हा डॉक्टर तरुण होता, गोड बोलायचा. माझी मांडी चिमटीत धरून म्हणाला, "अम्मा, कहाँ से निकालूँ?" अंगावर मांस नव्हतंच. तरी दोन्ही मांड्यांतून आणि पोटातून ओढून ओढून काढलं. छातीचं दुखणं काहीच नाही, मांड्यांनी जीव घेतला. काळ्या-निळ्या पडल्या. मी पायमशीन चालवते. दीड महिना मला पायडल मारता आलं नाही, आणि ते दिवस बरोबर लग्नसराईचे. ही किंमत कोणत्याच कागदावर लिहून देत नाहीत, म्हणून मी इथं लिहिते.

टाके वाळल्यावर टेप लावला. डावी पावणेनऊ! मी माप तीनदा घेतलं. पुढच्या महिन्यात साडेआठ भरली. तीन महिन्यांनी सव्वाआठ.

फोन केला तर डॉक्टर म्हणाला, सगळी चरबी धरत नाही, काही शरीर शोषून घेतं, एकदा परत करावं लागेल, मी सांगितलं होतं. सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. माणूस छाती मागायला जातो तेव्हा 'कदाचित' हा शब्द त्याच्या कानात शिरत नाही. तुम्ही गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: किती वेळा? आणि उत्तर कागदावर घ्या.

दुसऱ्यांदा

दुसऱ्या खेपेला गाळ्याचे उरलेले पैसे गेले आणि फॉल-पिकोची मशीन गेली. मालकानं गाळा मोबाईलवाल्याला दिला.

या वेळी डॉक्टरनं आधी वजन वाढवून यायला सांगितलं होतं. ते काम माझ्या सासूनं अंगावर घेतलं. तिला आम्ही आत्या म्हणतो. आमचा पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारा वंश. आता मेंढरं गेली, शेत आणि मजुरी राहिली, पण जनावर अंगानं कसं भरवायचं हे आत्याच्या हातात अजून आहे. सकाळी शेंगदाण्याचा लाडू, दुपारी भाकरीवर तुपाचा गोळा, संध्याकाळी केळी. जत्रेसाठी बकरं वाढवावं तशी ती मला वाढवत होती, आणि रोज संध्याकाळी दंडाला हात लावून बघायची.

"भरायलीस," म्हणायची. "आता कसं बाईवानी दिसायलीस."

आत्या मोठ्या अंगाची, पासष्टीची, गुडघे गेलेली. मला ताप आला की तीच उशाला, केस गेले तेव्हा तिनं माझ्यासमोर स्वतःचा आरसा पालथा घातला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला ती कजाग वाटेल. कजाग असती तर बरं झालं असतं. कजाग सासूशी कसं वागायचं ते सगळ्याच सुनांना येतं.

दुसऱ्यांदा चरबी धरली. तीन महिने, चार महिने, टेप नऊला एक दोरा कमी. मी स्वतःसाठी कटोरी ब्लाऊज बेतला. कटोरी ब्लाऊज म्हणजे दोन वाट्या वेगळ्या कापायच्या, आणि दोन्ही वाट्या मी एकाच कागदावरून कापल्या. घातला. आतून खिसा नाही, चिंधी नाही. माझी मुलगी रेणुका शाळेतून आली, बघून म्हणाली, "आई, तू सरळ उभारायलीस." मी इतकी वर्षं वाकून उभी राहत होते हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी मी खूष होते. नुसती खूष. माझ्या सगळ्या आजारपणात असा दिवस तो एकच.

डॉक्टरनं जाताना बजावलं होतं: वजन उतरू द्यायचं नाही. शरीराला उपास पडला की ही चरबी पण जाते, छातीतली म्हणून तिला वेगळी सूट नाही.

नवस

भाद्रपद संपता संपता आत्या माझ्या मशीनपाशी येऊन बसली.

"सुमे, घट बसायलेत," म्हणाली. "तुजा नवस फेडायचाय."

"माजा कोंचा नवस?"

"मी बोललेय. तू दुसऱ्या खेपेला आपरेशनला आत गेलीस तवा. सून जिती भाईर आली, छाती भरली, तर नऊ दिस अन्नाचा कण न्हाई, अन् दसऱ्याला निगून पायी तुळजापूर. आईचं तोंड बघेस्तोवर दाना तोंडात घालनार न्हाई ती."

"ती म्हंजे कोन?"

"तूच की."

आमच्या भागातनं दसऱ्यानंतर माणसं अनवाणी तुळजापूरला निघतात, कोजागिरीला पोचतात, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की माझ्या पोटाचा, माझ्या पायांचा नवस दुसऱ्याच कुणी बोलून ठेवला होता, आणि ते कुणालाच वेगळं वाटलं नाही. आमच्यात तसंच असतं. आई लेकराचा बोलते, सासू सुनेचा. ज्याचा जीव वाचला त्यानं फेडायचा.

मी डॉक्टरचं सांगणं सांगितलं. आत्या म्हणाली, "देवीच्या उपासानं कुनाचं वाईट झालंय व्हय?"

"आत्या, सव्वा लाखाची छाती हाय ही."

"अन् जीव कितीचा हाय?"

हणमंतकडं बघितलं. तो दारात चप्पल घालत होता. "तुज्या मनावर हाय," म्हणाला आणि दुकानावर गेला.

आता खरं सांगते. मला कुणी बांधून नेलं नाही. मी नाही म्हटलं असतं तर आत्या आठ दिवस बोलली नसती आणि मग बोलली असती. पण मी मशीनवर बसले आणि मला एकच दिसायला लागलं, हरभऱ्याएवढं, टेपखाली. नवस मोडला आणि ती परत आली तर? मी सातवी शिकलेली बाई आहे, पेपर वाचते, गाठ कशानं होते ते डॉक्टरनं चित्र काढून समजावलेलं. तरी माझ्यानं नाही म्हणवलं नाही. छाती की जीव, असा हिशोब माझ्या मनानंच मांडला, आणि मी उपास धरला.

नऊ दिवस एक कप दूध आणि चहा. दसऱ्याला निघालो, आत्या पण. तिचाही उपास होता, तिचेही पाय अनवाणी, गुडघ्यांना फडकी बांधलेली. हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. वाटेत गावोगावचे लोक भाकरी-भाजी घेऊन उभे, हात जोडून जेवा म्हणतात. आम्ही एकेक केळं घ्यायचो आणि पुढं सरकायचो. चौथ्या दिवशी माझी चोळी छातीवर ढिली लागायला लागली. डावीकडून. मी चालत राहिले. आत्या माझा हात धरून "आलंच, आलंच" करत होती, आणि मला तो हात झटकावासा वाटत होता, आणि मी झटकला नाही.

दर्शनात देवीसमोर एक क्षण मिळाला. काय मागितलं विचारू नका. काहीच आठवलं नाही मला.

घरी येऊन टेप लावला. आठ. वजन सात किलो उतरलेलं. मग मी पोटभर खाल्लं, दिवाळीचे लाडू खाल्ले, तूप प्याले. वजन परत आलं, सगळं पोटावर आणि कमरेवर. छातीत परत गेलं नाही.

अम्मा

डॉक्टरकडं दाखवायला गेले तेव्हा आत्या हट्टानं बरोबर आली. त्यानं बघितलं, माप घेतलं, कपाळाला हात लावला. कितने दिन खाना नहीं खाया, म्हणाला. मी सांगितलं. किसने बोला था उपास करने को?

मी आत्याकडं बघितलं. बोट दाखवायला फार काही लागत नव्हतं.

"मैंच की," मी म्हटलं.

तो म्हणाला, तिसऱ्यांदा करावं लागेल. खर्च मागच्याहून थोडा जास्त.

आत्याला हिंदी आमच्यासारखंच येतं, मोडकं. पण तिला समजलं सगळं. ती खुर्चीतून उठली, डॉक्टरच्या टेबलापाशी गेली आणि पदर बाजूला करून तिनं आपलं पोट दोन्ही हातांत धरलं. "साब, मेरा निकाल लेव. मेरेकु क्या करना हय अब. पूरा निकालो. इसकु भरो."

डॉक्टर हसला. वाईट मनानं नाही, पण हसला. "अम्मा, दूसरे का नहीं चलता. अपना ही चलता है."

"मैं दूसरी कायकु? मेरी बहू हय वो."

मग त्यानं समजावलं. ती ऐकत होती, पोट हातात तसंच. मी तिचा पदर ओढून नीट केला. मला तिची दया यावी असं तुम्हाला वाटेल. आली. आणि त्याच वेळी मनात आलं, पंधरा दिवस हिनंही उपास केला, हिचं इंचभर का नाही गेलं? असं मन असतं माणसाचं.

एसटीत झहीराबाद मागं पडल्यावर ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मजमुळं झालं व्हय गं?"

मी खिडकीकडं बघितलं. नाही म्हणायचं होतं, तोंडातून आलं नाही. हो सुद्धा म्हटलं नाही. ती उत्तराची वाट बघत राहिली, आणि गाव आलं.

आता

दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आजवर प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला आला. आत्या रिपोर्ट हातात घेते, वाचता येत नाही तरी कपाळाला लावते आणि म्हणते, "बग, आईनं राखलं." वाद कसा घालायचा? तिला खोटी ठरवायची तर माझी गाठ परत यायला पाहिजे.

मागच्या वर्षी घट बसायच्या आधी तीच मला म्हणाली, "औंदा नको धरू, सुमे. नवस फिटलाय. खा तू. पुन्यांदा भरून ये." तिनं स्वतःच्या पाटल्या पुढं ठेवल्या होत्या, फडक्यात बांधून. हणमंत म्हणाला, बाकीचं मी बघतो. पहिल्यांदाच म्हणाला. तो माझ्या डावीकडं बसला होता, कसा कुणास ठाऊक.

मी पाटल्या परत केल्या. रेणुकाच्या कॉलेजला ठेवा म्हटलं. गल्लीत सांगितलं, तिसऱ्यांदा काही परवडत नाही बाई. पद्माक्काचा फोन आला, तिलाही तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं. गरिबाघरची गोष्ट, पैशाचं कारण लगेच पटतं.

ते कारण खोटं आहे. घट बसले त्या सकाळी टेपखालचं ते हरभऱ्याएवढं परत डोळ्यांपुढं आलं, आणि कुणीही न सांगता मी अंघोळ केली आणि भाकरीला हात लावला नाही. नऊ दिवस. आत्या ताट घेऊन मागं मागं फिरत होती, खा गं, खा म्हणत होती, रडत होती. मी खाल्लं नाही. या वर्षीही खाणार नाही.